जावईबापूंची कच्ची दोरी

आमच्या घरात मासा शिजत नाही. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही साडी वर धरून, भीत भीत, पाऊलभर पाण्यातून. पण समुद्रात टाकायचा गळ कसा बांधतात, कुठली दोरी जाड हवी आणि कुठली बारीक, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. लोक हसतात. हसू देत. यावल तालुक्यात केळीच्या बागांत जन्म काढलेल्या बाईला ही विद्या कुठून आली, ते सांगते.

आमच्या जावयांमुळे आली. आणि त्याहून जास्त आमच्या ह्यांच्या अतिशहाणपणामुळे. ह्यांना सगळा गाव नाना म्हणतो, म्हणून इथे मीही नानाच म्हणते.

आमची एकुलती एक लेक पुण्यात नोकरीला. लग्न तिनेच ठरवलं. मुलगा कोकणातला, समुद्रकाठच्या गावचा. शिकलेला, सालस, नाव ठेवायला जागा नाही. पण आमच्याकडे आला की मूग गिळून बसायचा. प्रवास बरा झाला का? हो. अजून थोडा रस वाढू का? नको. झालं, आटोपल्या गप्पा. नाना आत येऊन माझ्या कानाशी कुरकुरायचे, "पुण्यात बी असाच बसतो का हा? का आपल्याशीच वैर हाये?"

मी म्हणायचे, तुम्ही तरी कुठे तोंड उघडता? नानांचं तर वेगळंच. बाजारात, बसस्टँडवर, केळीच्या ट्रकशी व्यापाऱ्याबरोबर हुज्जत घालताना ह्यांचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जातो. जावयापुढे मात्र टोपी नीट करून, हात मांडीवर ठेवून बसतात, फोटो काढायला बसल्यासारखे. आमच्याकडे पद्धतच तशी. जावई म्हणजे देव. त्याला हाताने पाणी घेऊ द्यायचं नाही, चप्पल उचलू द्यायची नाही, त्याच्याशी चढ्या आवाजात बोलायचं नाही. मग देवाशी माणूस बोलणार तरी काय? आरती करणार आणि बाजूला होणार.

त्या वर्षी उन्हाळ्यात अधिक महिना आला. अधिकात लेक-जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, त्यांना कपडे करायचे, हे आमच्याकडे चुकत नाही. मी फोन केला तर लेकीने आधी तारीख विचारली. मग म्हणाली, "आई, येतो आम्ही. पण खरं सांगू? हे शेवटचं धर. त्याला तुमच्याकडे फार अवघडतं. तुम्ही त्याला पाटावर बसवता, ओवाळता, वाढत राहता, आणि बोलत कुणीच नाही. त्याला वाटतं, आपण नाना-आईंना पसंत नाही. मी त्याला दर वेळी ओढून आणणार नाही आता."

एकच लेक. तिचा नवरा आमच्या उंबऱ्याला कंटाळला, तर तीही हळूहळू कमी होणार. आधी दिवाळीला दोन दिवस, मग एक दिवस, मग फोनवरच. अशी घरं मी पाहिलीत. नानांना मी सांगितलं, या वेळी काहीही करा, पण त्या पोराशी बोला. नाना म्हणाले, "बोलतो ना. त्याच्यात काय?" आणि चार दिवस आरशासमोर घसा खाकरत राहिले.

लेक-जावई आले ते गाडी घेऊन, आणि डिकीत कपड्यांच्या बॅगेशेजारी एक निळी पेटी. आमच्याकडून ते परस्पर कोकणात जाणार होते. पावसाळ्याआधी समुद्र खवळायच्या आत वडिलांबरोबर खडकावरून गळ टाकायचा, असा जावयांचा दरवर्षीचा नेम. पेटीत त्याचंच सामान. मी म्हटलं, माय वं! अधिक महिन्यात मासे मारायला? लेकीने डोळे मोठे केले, म्हणून गप्प बसले.

धोंड्याचं जेवण झालं. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, पुरणाचे धोंडे. नानांनी घसा खाकरला आणि विचारलं, "तुमच्याकडे ऊन कसं काय?" जावई म्हणाले, "दमट असतं." नाना म्हणाले, "हां." एवढंच. चार दिवसांच्या तयारीचं हे पीक. मी कपाळाला हात लावला.

दुपारी मात्र वेगळंच घडलं. जावयांना झोप येईना, म्हणून त्यांनी कुलरसमोर पेटी उघडली आणि गळ बांधायला बसले. नाना झोपाळ्यावर, मी समोर चिंचा फोडत. लेक घोरत होती. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

आणि बाई, बघण्यासारखंच होतं ते. दोरी म्हणजे तंगूस, आरपार दिसणारी नायलॉनची. एक भेंडोळं जाड, एक त्याहून बारीक, एक तर इतकं बारीक की उजेडात धरल्याशिवाय दिसेना. जावई दोरीचा तुकडा काढायचे, दोन नखांत धरून टोकापासून टोकापर्यंत ओढायचे. कुठे खरचटलेली असली की नखाला कळायचं, लगेच तो तुकडा बाजूला. मग एका पितळी कडीला, जी चहूकडे फिरते, दोन फाटे बांधायचे. एका फाट्याला जाड दोरी आणि शेवटी गळ, म्हणजे तो आकडा. दुसऱ्या फाट्याला शिशाचा गोळा, दोरी तळाशी नेऊन बसवायला. गाठ म्हणजे काय, तर दोरी कडीतून घ्यायची, स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक पहिल्या फटीतून परत ओवायचं. आणि आवळायच्या आधी गाठ ओठांत धरून थुंकीने ओली करायची.

"शी!" माझ्या तोंडून निघालंच.

जावई लाजले. म्हणाले, "कोरडी ओढली तर घासून जळते आई. ओली केली की गुपचूप बसते."

लग्न झाल्यापासून ह्या मुलाच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत लांब वाक्य. मला एवढा आनंद झाला की थुंकीचं काही वाटेनासं झालं.

नानांचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. त्यांची नजर त्या शिशाच्या गोळ्यावर. गळाला जाड दोरी, काठीवरून कडीपर्यंत येणारी मुख्य दोरीही दणकट, आणि गोळ्याला मात्र ती सगळ्यात बारीक, नख लावलं तर तुटेल अशी, वर गाठही साधीच. नानांची भुवई वर गेली. पण जावयाला चूक कशी दाखवायची? देवाला कुणी सांगतं का, तुझा मुकुट वाकडा आहे म्हणून? ते गप्प झुलत राहिले.

इथे आमच्या केळीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. केळीचा घड भरला की खोड एका बाजूला झुकतं. उन्हाळ्याच्या शेवटी आमच्याकडे वारा असा सुटतो की तासाभरात बागच्या बाग आडवी होते. म्हणून प्रत्येक खोड दोरीने शेजारच्या खोडाला बांधायचं. तिथे एक दोरी कच्ची निघाली की ते खोड पडतं आणि पडताना शेजारच्यालाही घेऊन जातं. नानांचा सगळा जन्म ह्या बांधाबांधीत गेला. कच्ची दोरी बघितली की ह्यांच्या हाताला खाज सुटते. कुणाच्या मांडवाची दोरी सैल दिसली, तर लग्नातला पाहुणा म्हणून गेलेला हा माणूस बाह्या वर करून ती आवळत बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक-जावई पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेले. मी पुरण वाटत होते. ओसरीत जळक्या प्लास्टिकचा वास आला म्हणून डोकावले, तर नाना जमिनीवर बसलेले, समोर जावयांची निळी पेटी, हातात मळ्यातली हिरवी नायलॉनची दोरी आणि काडेपेटी.

"काय करी राह्यनात तुम्ही?" मी विचारलं. माझं माहेर देवपूरचं, धुळ्याचं. घाबरले की माझी बोली बाहेर पडते.

"सुधारू राह्यलो," नाना म्हणाले. "पोरगं बिचारं शहरात राह्यलं, बांधाचं काय समजतं त्याले? शिसं टांगलं आन् दोरी लावली दोऱ्यावानी. समुद्रात एक झटका बसला का गेलं."

"अहो, विचारून तरी..."

"विचारलं तर त्याले कमीपणा वाटंल. गुपचूप करून ठेवतो. कळंल तवा आठवण काढंल."

मला पटलं. खरंच पटलं! मला वाटलं, बोलता येत नाही तर निदान हाताने तरी माया करतायत. नानांनी एकूण एक गळाची ती बारीक दोरी कापली, तिथे हिरवी दोरी दुहेरी निरगाठीने आवळली आणि टोकं काडीने जाळून पक्की केली. पेटी होती तशी बंद केली. दिवसभर स्वतःवरच खूश होऊन फिरत होते.

संध्याकाळी नानांनाच दम निघेना. जावयांना म्हणाले, "समुद्रावर जायच्या आधी एकदा आपल्या तापीवर करून पाहा की. सकाळी जाऊ." सासरा आपणहून कुठे तरी चला म्हणाला, हे जावयांना इतकं नवीन होतं की ते लगेच हो म्हणाले. लेकीने मला स्वयंपाकघरात येऊन मिठी मारली. म्हणाली, "आई, नाना बोलले!"

सकाळी आम्ही चौघंही गेलो. उन्हाळ्यात तापीचं पाणी कमी होतं, काळे खडक उघडे पडतात, पण आमच्या गावाजवळ एक डोह आहे, तिथे बारा महिने पाणी. खुशीत, हाताकडे न बघताच जावयांनी काठी जोडली, गळ लावला, फेकला. झकास लांब गेला. थोड्या वेळाने गुंडाळायला लागले तर खाली कुठे तरी अडकला. जावयांना काही विशेष वाटलं नाही. "खडकात गोळा अडकलाय, होतं असं," म्हणाले आणि जरा ओढलं. सुटेना. जोरात ओढलं. सुटेना. काठी बाजूला ठेवली, दोरी पंच्याला गुंडाळून हाताने ताणली, तर टण्णकन आवाज होऊन दोरी थेट वरच तुटली. गळ गेला, कडी गेली, गोळा गेला, वर लांबच लांब दोरीही पाण्यात.

जावई बुचकळ्यात पडले. दुसरा लावला. तोही तसाच गेला. काठावर नाना मान हलवत मला हळूच म्हणाले, "पाह्यलं? आपण बांधलेलं नाही तुटलं. त्याचीच दोरी तुटली."

तिसऱ्या वेळी जावयांनी गळ फेकण्याआधी हातात घेऊन नीट पाहिला. हिरवी दोरी. जळून काळी झालेली टोकं. त्यांनी पेटी उघडली, एक एक करून सगळे काढले. सगळे हिरवे.

"हे कुणी केलं?"

"मी!" नाना छाती काढून म्हणाले. "तुम्ही कच्चं बांधलं होतं. मी पक्कं करून देल्लं."

आणि आमचा मुका जावई फुटला.

"अहो नाना! हात लावायच्या आधी विचारायचं तरी! ती दोरी कच्चीच हवी असते! मुद्दाम कच्ची लावतो आम्ही! परवा बाबा खडकावर येऊन बसतील, त्यांना काय दाखवू, हे? काडीने जाळलंय! नायलॉनला कुणी काडी लावतं का?"

पूर्ण डोहावर आवाज घुमला. पलीकडे कपडे धुणाऱ्या बायांनी माना वर केल्या. लेक पांढरीफटक. मी देवाचं नाव घ्यायलाही विसरले. मला समोर दिसत होतं ते एवढंच, की आता ही दोघं गाडीत बसणार आणि हा मुलगा पुन्हा आमच्या दारात पाय ठेवणार नाही. आणि नाना! ह्यांना उभ्या जन्मात कुणी असं बोललेलं नाही. ह्यांचे कान लाल झाले.

"तुटायचंच तर बांधायचं कायले?" नाना ओरडले. बाजारातला आवाज, अगदी अस्सल. "मुद्दाम तुटनारं बांधतं का कोन्ही? तुमच्याकडं उलटीच रीत हाये का सगळी?"

"उलटी नाही, सरळच! गोळा तळाला जातो ना? अडकणार कोण, गोळाच! मग त्याची दोरी बारीक ठेवली की ओढल्यावर तेवढीच तुटते. गोळा गेला, पण गळ वाचतो, गळाला मासा असला तर तोही वाचतो! तुम्ही ती पक्की केलीत, म्हणून सगळंच गेलं!"

"मंग आधी सांगायचं!"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही माझ्याशी कधी बोललात?"

मी डोळे मिटले.

मग नानांचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत, पण तितकाच तिखट. "म्हंजे दर वक्ताला शिसं पान्यात घालायचं? हे काय परवडनारं काम हाये?"

"शिसं कोण घालतंय! जुने नटबोल्ट बांधतात पुष्कळ जण. माझ्याकडे नव्हते म्हणून शिसं."

"नटबोल्ट?" नाना उठून उभेच राहिले. "अहो, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत टोपलंभर गंजून पडले! मले सांगायचं ना, भल्या मानसा! चला. चला उठा."

आणि दोघंही निघाले. भांडत निघाले. मळ्याच्या वाटेवर नाना पुढे, जावई मागे पेटी घेऊन, आणि दोघांचा आवाज आम्हाला वळणापर्यंत ऐकू येत होता. लेकीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आम्ही दोघी खडकावर बसून पोट धरधरून हसलो. भांडत का होईना, बोलत होती की दोघं!

बारीक दोरी संपली होती. यावलच्या बाजारात जाळी विकणाऱ्याकडे मिळते, म्हणून दुपारी आम्ही सगळेच गेलो. नानांनी आधी सगळ्यात जाड भेंडोळं उचललं. जावयांनी ते हातातून काढून घेतलं, सरळ, न लाजता. दोन-तीन बारीक भेंडोळी ताणून पाहिली. एक ताणल्यावर कुरळंच राहायचं, ते नको. एक उन्हात ठेवून पिवळं पडलेलं, ते नको. एक हवं तसं निघालं. दुकानदार म्हणाला, "नाना, हे लय हलकं हाये, टिकनार नाही." नाना म्हणाले, "म्हनून तर घेऊ राह्यलो!" जन्मभर हेच बोलत आल्यासारखे म्हणाले. मी तोंडाला पदर लावला.

मग कुलरसमोर चौघांची पंगत. मी वेढे द्यायला लागले तर पहिल्याच फटक्यात जमलं. वातींचा हात आहे माझा. थुंकी मात्र मी लावली नाही, वाटीत पाणी घेतलं. जावई म्हणाले, "आई, तुमची गाठ बाबांपेक्षा सुबक आहे. त्यांना सांगू नका." नानांचे हाल बघवेनात. नट बांधायचे, सवयीने ओढून बघायचे, दोरी तटकन तुटायची आणि त्यांचा चेहरा पडायचा. जावई टाळी वाजवून म्हणायचे, "शाब्बास नाना, हेच हवंय!" नाना म्हणाले, "ह्याच्यातून मले काय शिकायला भेटलं माहीत हाये?" मी म्हटलं, आता प्रवचन नको, गाठी मारा.

जाताना जावयांनी नानांना वाकून नमस्कार केला. तो आधीही करायचे. पण या वेळी उठता उठता म्हणाले, "तुमची काडेपेटी घरात ठेवा." आणि नाना खदखदून हसले. गाडी गेली. कोकणातून जावयांचा फोन आला, तो माझ्या नाही, नानांच्या फोनवर. तांबोशी लागली म्हणे, नट अडकला आणि दोरी तुटली, मासा मात्र आला. हे ओसरीत उभे राहून ओरडून ओरडून सगळ्या गल्लीला सांगत होते, आणि ह्यांनी तोपर्यंत तांबोशी नावाचा मासा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

पुढे फोन चालूच राहिले. मी फार लक्ष दिलं नाही. पावसाळा सरला, केळी कापणीला आली. एका शनिवारी सकाळी मी अंगण झाडत होते, तर दारात रिक्षा थांबली आणि जावई उतरले. एकटेच. माझ्या हातातला झाडू खाली पडला. मी पहिलं विचारलं, लेक कुठे? बरी आहे ना?

"बरी आहे आई. नाना कुठे आहेत?"

नाना आतून टोपी शोधतच बाहेर आले. ओवाळणं नाही, पाट नाही. म्हणाले, "उशीर केला राव तुम्ही. चहा डोहावर घेऊ." आणि दोघं मोटरसायकलवर बसून गेलेसुद्धा. मी तिथेच उभी.

घाबरत घाबरत लेकीला फोन लावला. म्हटलं, "अगं, जावई इथे आलेत. तुझं नि त्यांचं भांडण वगैरे...?"

"तिकडे?" ती किंचाळलीच. "मला म्हणाला, ऑफिसच्या कामाने नाशिकला चाललोय!"

मग तिकडून तिचं हसू ऐकू आलं, आणि हसता हसता आवाज ओला झाला.

"आई," ती म्हणाली, "सोमवारी त्याला परत पाठव हं. विसरू नको."

"सांगून बघते," मी म्हटलं. "नाना सोडतील तर."